शंभर दगड आणि सात दगड

ही गोष्ट फार जुनी आहे. डोंगर तेव्हाही एवढेच उंच होते, पण ते ओलांडायला वाटा फार थोड्या होत्या. त्या काळी समुद्रकाठी मीठ पिकवणाऱ्या माणसांचं एक गाव होतं.

एका वर्षी उधाणाचं पाणी बांध फोडून आत शिरलं. मिठागरं बुडाली, विहिरी खारट झाल्या. पाणी ओसरेल म्हणून गावानं दोन महिने वाट पाहिली. पाणी ओसरलं नाही. डोंगरावरच्या मुलखात एक राजा होता. त्यानं निरोप धाडला, की पडीक जमीन आहे, कसणारे हात हवेत, या. मग गावानं चुली मोडल्या आणि बोचकी बांधली.

लहानथोर मिळून माणसं साठ. त्यांच्या म्होरक्याचं नाव गोमाजी. उधाण आलं त्या दिवशी गळ्याएवढ्या पाण्यातून त्यानं चौघांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं. त्यामुळे गोमाजी म्हणेल ते गावाला मान्य असे. गोमाजी शूर होता, मायाळू होता. पण एक दुःख त्याच्या मनातून जात नव्हतं. त्याचा थोरला भाऊ पदाजी चार वर्षांपूर्वी मीठ घेऊन डोंगर चढायला गेला होता, तो परत आला नाही, त्याच्या मरणाचा निरोप तेवढा आला. पदाजीची बायको हिरूबाय. ती कमी बोलायची, आणि बोलायची तेव्हा गोमाजी मान खाली घालून ऐकायचा. निदान तोवर तरी ऐकत आला होता.

चालत चालत तिसऱ्या दिवशी ही साठ माणसं डोंगराच्या पायथ्याशी पोचली. तिथं एक जांभळीचं झाड होतं, झाडाखाली पाण्याचे रांजण, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजणारी एक म्हातारी. झाडापासून दोन वाटा फुटत होत्या.

उजवीकडची वाट थोरल्या घाटाची. ती वळणं घेत घेत तीन दिवसांनी वर पोचायची. मीठ, धान्य, कापड घेऊन जाणारे सगळे तांडे तिथूनच जायचे. वाट रुंद होती, पण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी.

डावीकडची वाट नाळेची. दोन उभ्या कड्यांमधली ती एक अरुंद फट होती. पावसाळ्यात तिच्यातून धबधबा कोसळायचा, एरवी ती कोरडी आणि सुट्या दगडधोंड्यांनी भरलेली असायची. नाळेनं माणूस दीड दिवसात वर पोचे.

त्या डोंगराचा एक रिवाज होता. वाटेत कुणी मेलं, तर त्याचे सोबती त्या वाटेच्या तोंडाशी एक दगड उभा करत, त्याला गेरू लावत आणि मेलेल्याच्या धंद्याची खूण त्यावर कोरत.

गोमाजी आधी थोरल्या घाटाच्या तोंडाशी गेला. तिथं दगडांच्या रांगाच रांगा होत्या. कुणावर पेरणीच्या पाभरीची खूण, कुणावर हातमागाची, कुणावर बैलाची. लहान मुलांसाठी लहान दगड होते. बायांनी पोरांना जवळ ओढलं. चौथ्या रांगेत एका दगडावर मीठ ओढायच्या फळीची खूण होती. गोमाजी तिथं थबकला. मग खाली बसला आणि त्यानं त्या दगडावर हात ठेवला.

हिरूबाय मागे उभी होती. ती रडली नाही. पदराच्या टोकानं तिनं दगडावरची धूळ पुसली.

गोमाजीनं सगळे दगड मोजले. शंभर भरले. मग तो नाळेच्या तोंडाशी गेला. तिथले मोजायला वेळ लागला नाही. तिथं सात दगड होते.

तो झाडाखाली परतला आणि म्हणाला, "ठरलं. नाळेनं जायचं. इथं शंभर मेलेत, तिथं सात. आता यात विचार करण्यासारखं काय आहे?"

साठ जणांना हायसं वाटलं.

पाणी पाजणाऱ्या म्हातारीनं हातातला तांब्या खाली ठेवला. "नाईक," ती म्हणाली, "मेलेले मोजलेस, ते बरं केलंस. गेलेले किती होते, ते विचारलंस का?"

"गेलेले म्हणजे?"

"या झाडाखालून पाणी पिऊन वर चढलेले. मेलेल्यांचे दगड उभे राहतात बाबा. जे सुखरूप पोचले त्यांचा दगड कुणी उभा करत नाही. ते तुला कसे दिसणार?"

तिच्याजवळ पळसाच्या पानांचे द्रोण होते. येणाऱ्या प्रत्येकाला ती नव्या द्रोणातून पाणी द्यायची, त्यामुळे किती माणूस गेलं हे तिला ठाऊक असे. तिनं जमिनीवर वीस द्रोण मांडले.

"दहा वर्षांत नाळेनं गेलेली माणसं वीस. एवढीच. शहाणी माणसं तिकडं फिरकतच नाहीत." मग एकेक करून तिनं सात द्रोण पालथे घातले. "यातली ही सात मेली. वीसातली सात."

तिनं मग द्रोणांची एक मोठी थप्पी पुढं ओढली. "आता घाट. वर्षाला हजारेक माणूस. दहा वर्षांत दहा हजार. त्यातले शंभर मेले. म्हणजे शंभरातला एक." ती थप्पी शंभर द्रोणांची होती. म्हातारीनं वरचा एक पालथा घातला आणि गोमाजीकडे पाहिलं. "तुझी माणसं साठ. घाटात न्यायचीस, तर कदाचित एखादा जाईल, कदाचित एकही जाणार नाही. नाळेत न्यायचीस, तर वीसाला सात, चाळीसाला चौदा, साठाला एकवीस. एकवीस दगडांना लावायला तुझ्याजवळ गेरू आहे का?"

गोमाजीनं त्या पालथ्या द्रोणांकडे पाहिलं. हिशेब त्याला कळला नाही असं नाही. पण हाताला अजून भावाच्या दगडाचा खरखरीतपणा जाणवत होता.

"आजी," तो म्हणाला, "तुझे द्रोण पानांचे आहेत. ते दगड खरे आहेत. ज्या वाटेनं शंभर जण खाल्ले, त्या वाटेवर मी माझी माणसं घालणार नाही."

"खरं आहे, खरं आहे," माणसं म्हणाली.

हिरूबाय पुढं आली. "भावजी, म्हातारी बरोबर सांगते आहे."

"वहिनी, तुमचं कुंकू त्या घाटानंच पुसलं. आणि तुम्हीच तिथं चला म्हणता?"

हिरूबायनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे तिच्याकडे असे पाहत होते, जणू ती त्यांना मरायला चला म्हणते आहे. गाव फुटलं तर वरच्या मुलखात निम्म्या गावाला कोण विचारणार, हेही तिला कळत होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं. गाव जाईल तिथं मी येईन. पण मी सगळ्यांच्या शेवटी चालेन."

सकाळी ते नाळेत शिरले.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. सावली होती, गारवा होता. गोमाजी सर्वांत पुढं, त्याच्या मागे त्याची मुलगी अंबू, तिच्या पाठीला वर्षाचं मूल बांधलेलं. मग बाकीचे एकामागे एक. दोन्ही बाजूंचे कडे हळूहळू जवळ येत गेले आणि आभाळ एका चिंधीएवढं उरलं. पायाखालचे धोंडे डळमळत होते. कुणी हसलं की हसण्याचा आवाज कड्यांवर आपटून दुपटीनं परत येई, म्हणून मग कुणी हसेना.

दुपारच्या सुमारास पुढच्या कुणाच्या तरी पायाखालून एक दगड निसटला. नारळाएवढा होता. खाली येताना त्यानं दुसऱ्याला हलवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. "दगड! दगड!" अशी ओरड झाली. पण नाळेत सरकायला जागाच नव्हती. रांगेच्या मध्यावर काथोड नावाचा म्हातारा होता. गावाला मीठ कसं पिकवायचं ते त्यानं शिकवलं होतं. दगड त्याच्या छातीवर बसला. तो खाली बसला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेला.

त्याला उचलून नेणं शक्य नव्हतं. कड्याच्या खोबणीत ठेवून त्याच्यावर दगड रचले. गोमाजीनं कपाळाला माती लावली आणि म्हणाला, "साठातला एक. डोंगर चढायचा म्हणजे एवढं व्हायचंच. चला."

पुढं एक गुळगुळीत कातळाचा टप्पा आला. दोन पुरुष उंच. वरून दोर सोडला आणि एकेकाला ओढून घेतलं. वेठू आणि त्याची बायको सोनकी, दोघं एकमेकांना धरून चढत होती. तिचा पाय घसरला. त्यानं तिचा हात सोडला नाही. दोघंही गेली.

संध्याकाळ झाली तेव्हा बाकीची माणसं निम्म्या वाटेवर एका अरुंद सपाटीला पोचली आणि कड्याला पाठी लावून बसून राहिली.

उजाडताच उठले. वरच्या अंगाला बसलेल्या दोघा जुळ्या भावांनी निघायची घाई केली, तोच वरून माकडांची टोळी गेली. तिच्या पायांनी दरड सुटली. घटकाभरानं धूळ बसली तेव्हा दोघा भावांच्या जागी दगडांचा ढीग होता. त्यांची आई ढिगावर पडून नखांनी दगड उपसत होती. तिला तिघांनी मिळून मागे ओढलं.

गोमाजीचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण तो उभा राहिला.

"पाच गेले," तो म्हणाला. "दहा वर्षांत या नाळेनं सात घेतले. आपल्या एकट्या गावाचेच पाच घेतले. आता हिचं पोट भरलं असेल. निम्मी वाट सरली आहे, निम्मा धोकाही सरला. उठा, वर चला."

दोघंतिघं उठले. बाकीच्यांनी सवयीनं बोचकी उचलली.

"थांबा!"

हिरूबाय मागून पुढं येत होती. काल दिवसभर ती सगळ्यांच्या शेवटी चालली होती, आणि पुढच्यांच्या पायांनी सुटलेला प्रत्येक दगड तिच्या अंगावर आला होता. तिचा डावा हात सुजून निळा पडला होता.

"भावजी, डोंगराला पोट नसतं," ती म्हणाली. "काल किती मेले ते दगडाला माहीत नाही. आज किती मारायचे हेही त्यानं ठरवलेलं नाही. जसा काल पडला तसाच आजही पडेल."

"वहिनी, आता निम्म्यावर आलोय..."

"पुढची निम्मी वर मान करून बघा." सगळ्यांनी मान वर केली. पुढची नाळ भिंतीसारखी उभी होती. "निम्मी वाट सरली म्हणून निम्मा धोका सरत नाही. अवघड तर पुढंच आहे. आणि मी मागून चालत होते, म्हणून मला जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नाही. ही नाळ आपल्याला मारत नाहीये. आपणच आपल्याला मारतोय. पुढचा पाय टाकतो आणि मागच्याच्या डोक्यात दगड पडतो. ती वीस माणसं एकेकटी, दोघं दोघं गेली होती, तरी सात मेली. आपण साठ आहोत. त्या म्हातारीनं एकवीस सांगितले. मला वाटतं, तिनं कमीच सांगितले."

"मागे फिरायचं म्हणजे त्या शंभर दगडांकडे जायचं!" गोमाजी ओरडला. त्याचा आवाज कड्यांवर आपटून परत आला, आणि सगळे वर बघत राहिले, की आता काही पडतं का.

हिरूबाय हळू आवाजात बोलली. "होय. त्या शंभरांकडे. त्यातला एक माझ्या घरातला आहे. तो तुम्हाला दिसतो त्याहून मला जास्त दिसतो, रोज दिसतो. पण भावजी, तुमचे भाऊ गेले त्या दिवशी त्यांच्या तांड्यात ऐंशी माणसं होती. एकोणऐंशी वर पोचली. मला निरोप त्यांनीच आणून दिला. त्यांच्या चुली आज पेटतात, त्यांची लेकरं मोठी होतायत. पदाजींच्या दगडापुढं बसलात, तेव्हा त्या एकोणऐंशींपैकी एक तरी तुमच्या डोळ्यांपुढं आला का?"



अंबू उठली. तिच्या कपाळावरून रक्त ओघळून वाळलं होतं. पाठीवरचं मूल जागं होतं आणि तरीही रडत नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, मी काकूंसारखं बोलत नाही, मला हिशेब येत नाही. पण मी खाली जाते. काकूंच्या मागे जाते."

ते ऐकून गोमाजी एका धोंड्यावर बसला. मग त्यानं डोक्याचं पागोटं काढलं, आणि हिरूबायपुढं ठेवलं.

"वहिनी," तो म्हणाला, "आता तुम्ही न्या. मी शेवटी चालतो."

हिरूबायनं पागोट्याला हात लावला नाही. तेवढा वेळही नव्हता. तिनं लगेच एकेकाला नेमून दिलं. सगळ्यांनी कड्याला चिकटून बसायचं. एका वेळी एकच जण उतरेल. तो आडोशाला पोचला आणि त्यानं हाक दिली की मगच दुसरा. वर पाय हलवायचा नाही, बोलायचं नाही.

पंचावन्न माणसं एकेक करून उतरायला सबंध दिवस लागला. दोनदा दगड सुटले, पण खाली उघड्यावर कुणी नव्हतं. एकाचा पाय मुरगळला, एकीच्या हाताचं बोट चेमटलं. कातळाच्या टप्प्यावर गोमाजीनं दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि चोपन्न जणांना खाली सोडलं. त्याच्या तळहातांची सालटी निघाली. सगळ्यांत शेवटी तो स्वतः उतरला, तेव्हा त्याला वरून धरायला कुणी नव्हतं.

जांभळीच्या झाडाखाली म्हातारीनं प्रत्येकाला पाणी दिलं. ती 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाही. साठ जणांसाठी काढलेल्या द्रोणांतले पाच उरले, ते तिनं बाजूला ठेवले.

नाळेच्या तोंडाशी गोमाजीनं पाच दगड उभे केले. सालटलेल्या हातांनी त्यानं पाचही दगडांवर मीठ ओढायच्या फळीची खूण कोरली. सातांचे बारा झाले. त्याच्या मनात आलं, आजपासून एखादा नवखा इथं येईल, हे बारा मोजेल, तिकडचे शंभर मोजेल, आणि अजूनही म्हणेल, नाळ बरी.

दुसऱ्या सकाळी ते थोरल्या घाटाला लागले. बाजाराचा आठवडा होता. तांडे चढत होते, घंटा वाजत होत्या. मीठवाल्यांच्या भाकरी संपल्या होत्या, तेव्हा धान्याच्या तांड्यानं मूठ मूठ पीठ दिलं. वाट चालती असली की मदतही चालत येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर ओरडा झाला. पुढच्या तांड्यातला एक कापडवाला बुजलेल्या बैलाच्या धक्क्यानं दरीत गेला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला. खालून आवाजही आला नाही.

पंचावन्न माणसं जागच्या जागी थिजली. ज्या आईनं दोन मुलगे गमावले होते, तिनं कड्याला मिठी मारली. "बघा! हाही घाट खातोच! हाही खातोच!"

सगळ्यांचे डोळे गोमाजीकडे वळले. गोमाजीनं मनात मोजलं. शंभराचे एकशेएक झाले. पदाजीही असाच गेला असेल. एका क्षणासाठी त्याला वाटलं, की फिरावं, पळावं, कुठंही.

मग त्यानं जवळच्या तांडेवाल्याला विचारलं, "दादा, आज या वाटेनं किती माणूस चढलं?"

तांडेवाल्यानं डोळे पुसले. "आज? तुम्ही सोडून साठेक असेल."

"आणि काल?"

"कालही तेवढंच. कालचे सगळे पोचले."

गोमाजीनं मान हलवली. त्यानं त्या आईचा हात धरला. "आक्का, भीती मलाही वाटते," तो म्हणाला. "पण वाट हीच बरी आहे. आतल्या बाजूनं चला. माझा हात सोडू नका."

तिसऱ्या दिवशी पंचावन्नही जण वर पोचले.

घाटमाथ्यावर राजाची चौकी होती. तिथं एक कारभारी बसायचा. वाटेत काय घडलं याची तो प्रत्येकाकडे चौकशी करायचा. त्याच्या मागे चाळीसेक माणसं बोचकी घेऊन बसली होती. खाली समुद्राकडे मजुरीला निघालेली. त्यांच्यात बाया होत्या, पोरं होती.

"नाळेत किती गेले म्हणता?" कारभाऱ्यानं विचारलं.

"पाच," हिरूबाय म्हणाली.

"पाचच?" कारभारी मागे वळला. "थोरल्या घाटात या हंगामात कालचा धरून अकरा गेले. नाळेत पाच. म्हणजे नाळ निम्म्यानं बरी. अरे, दवंडीवाल्याला बोलवा. या चाळीस जणांना नाळेनं उतरू द्या. आणि इथून पुढं सगळ्यांनाच."

दवंडीवाल्यानं डफ गळ्यात अडकवला. खाली निघालेल्या माणसांनी बोचकी उचलली. एका बाईनं पोराचं टोपरं बांधलं आणि नाळेच्या बाजूला पाऊल टाकलं.

गोमाजी धावत जाऊन तिच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"हे काय?" कारभाऱ्याला राग आला. "राजाच्या चौकीवर वाट अडवतोस? पाच हे अकरापेक्षा कमी की जास्त, सांग!"

"कमी, सरकार," गोमाजी म्हणाला. "पाच कमीच. मीही एवढंच मोजलं होतं. सात आणि शंभर. सात कमी म्हणून मी माझं गाव नाळेत घातलं." तो बाईपुढून हलला नाही. "पाच कितीतले, ते विचारा सरकार."

"कितीतले?"

"साठातले. तेही निम्म्याच वाटेत. पुढं गेलो असतो तर तुम्हाला ही गोष्ट सांगायला किती उरलो असतो, मला माहीत नाही. आता अकरा कितीतले, ते सांगा."

तो आकडा कारभाऱ्यानं कधी विचारलाच नव्हता. मग त्यानं चौकीच्या शिपायाकडे पाहिलं.

"या हंगामात घाट चढून-उतरून किती माणूस गेलं रे?"

"हजार-बाराशे तरी असेल, साहेब," शिपाई म्हणाला.

कारभारी मनातल्या मनात आकडे जुळवू लागला. बाराला एक अशा हिशेबानं पाच. शंभराला एक अशा हिशेबानं अकरा. त्यानं त्या टोपरेवाल्या पोराकडे पाहिलं. पोर आईच्या कडेवर बसून डफाला हात लावायला धडपडत होतं.

"डफ उतरव," कारभारी दवंडीवाल्याला म्हणाला. "नाळेच्या तोंडावर बाभळीचे काटे टाका. आजच टाका."

चाळीस माणसं थोरल्या घाटाकडे वळली. गोमाजी ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. हिरूबाय त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. पाच जणांची नावं त्यानं पुटपुटत घेतली. काथोड, वेठू, सोनकी, ते दोघं भाऊ. मग दोघं बाकीच्या माणसांकडे गेली, कारण जमीन अजून दूर होती आणि पोरं भुकेली होती.

म्हणून थोरांनी आणि मुलांनी एवढं लक्षात ठेवावं: कुणी 'किती' सांगितलं, तर 'कितीतले' हे विचारल्याशिवाय वाट निवडू नये.